दुसऱ्या दर्जाची भिंत

१२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. छकुलीला गोड पापा.

फोन करायचा नाही, जे काय सांगायचं ते लिहून सांगायचं, असं तुझ्या वकीलबाईंनी कळवलंय, म्हणून हे पत्र. लिहायची माझी सवय मोडली आहे. आमच्या शिवणाच्या दुकानात होते तेव्हा मापांच्या चिठ्ठ्या तेवढ्या लिहायचे, छाती, कंबर, उंची. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. बाळ म्हणालाय, लिहून झालं की दाखव, शुद्धलेखन बघतो.

तू छकुलीला घेऊन गेलीस आणि पाठोपाठ मी इथं आले. चार दिवस राहून परत जाईन म्हटलं होतं, पण बाळची अवस्था बघून पाय निघेना. जेवत नव्हता. दाढी वाढलेली. आता बराच सावरलाय. माझ्या दोन खोल्यांना कुलूप लावून मी इथंच मुक्काम ठोकलाय. बहीण म्हणते, तिथं तुला कोण विचारतं? मी म्हटलं, पोटचा मुलगा विचारतो, अजून काय पाहिजे.

आनंदाची गोष्ट म्हणजे बाळने घर नवं करायला काढलंय. वरच्या मजल्यावरचा पाइप गळून हॉलच्या भिंतीची वाट लागली होती. इथल्या आतल्या भिंती विटांच्या नाहीत, जिप्समच्या बोर्डांच्या, ते बोर्ड काढून नवे लावायचे आहेत. पॅसेज आणि छकुलीच्या खोलीचे बोर्ड शाबूत आहेत, तिथं नुसतं वरचं काम. बोर्डवाला आहे तो भलता बोलका. मला मावशी म्हणतो आणि हातातली पटाशी नाचवत व्याख्यान देतो. मला वाटायचं, बोर्ड ठोकले, रंग दिला, झाली भिंत. तर म्हणे तसं नसतं. भिंतीच्या सफाईचे चार दर्जे असतात. पहिल्यात नुसते सांधे आणि स्क्रूची डोकी भरायची, टाइल्समागं जाणाऱ्या भिंतीला तेवढं पुरतं. दुसऱ्यात सांध्यांवर टेप, वर पुट्टीचे हात आणि घासकाम. जाड वॉलपेपर किंवा खरबरीत रंग असेल तर बस्स. तिसऱ्यात पुट्टी सांध्याच्या दोन्ही बाजूंना रुंद ओढायची, आणि चौथ्यात सबंध भिंतीवर एक थर चढवायचा. मग बोर्ड कुठं संपला नि कुठं सुरू झाला हे देवाच्या बापालाही कळत नाही. मी म्हटलं, म्हणजे कच्चा टाका, पक्की शिवण, इस्त्री आणि वरून अस्तर. तर खूश झाला. म्हणाला, मावशी, तुम्ही माझ्या धंद्यात यायला हव्या होतात.

बाळने सांगितलंय, सगळीकडे चौथा दर्जा. छकुलीच्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते तू कळव, अशी त्याची इच्छा आहे. बघ, किती मनावर घेतलंय त्यानं. तापट आहे हे मी नाकारत नाही. पण मनात काही ठेवत नाही, हे तुलाही माहीत आहे. दोन भांडी एकत्र आली की आवाज व्हायचाच. कोर्टकचेरीत जिंकतं कोण? पोर तेवढं हरतं.

कोर्टाच्या बाई पुढच्या महिन्यात घर बघायला येणार आहेत. त्याआधीच तू आलीस तर बघायची वेळच येणार नाही. विचार कर.

तुझी सासू


२५ फेब्रुवारी

सूनबाई,

हे पत्र बाळने वाचलेलं नाही. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि टपालपेटीजवळच्या बाकावर बसून लिहितेय. असं चोरून लिहायची वेळ माझ्यावर का आली, ते मलाच धड कळत नाहीये. म्हणून सरळ जे झालं ते सांगते.

सोमवारी बोर्डवाल्यानं हॉल संपवला आणि पॅसेजकडे वळला. त्याच्याकडे एक लांबलचक दिवा आहे. तो भिंतीसमोर लावत नाही, भिंतीला चिकटवून धरतो, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जातो. म्हणाला, समोरून दिवा मारला की सगळ्याच भिंती साध्वी. बाजूनं मारला की कोण किती पाण्यात ते कळतं. मला गंमत वाटली. मी चहा घेऊन तिथंच उभी राहिले.

त्यानं दिवा धरला आणि अख्ख्या पॅसेजभर भिंतीवर उंचवटे उठले. अंगावर पित्ताच्या गांधी उठाव्यात तसे. गोल, मध्ये जरासे खोलगट. रोज त्या भिंतीला हात लावून मी न्हाणीघरात जाते, मला कधी काही दिसलं नव्हतं. बोर्डवाला हसायला लागला. "काय मावशी, घरात फुटबॉल खेळत होता काय?" मग एका ठिकाणी पटाशीनं खरवडलं आणि त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "ही भोकं बुजवलेली आहेत. मागं आधार नाही, टेप नाही, नुसती पुट्टी कोंबलीय. कारागिराचं काम नाही हे. घरच्या माणसानं केलंय."

छकुलीच्या खोलीत तिचा पलंग असतो त्या भिंतीवर एक खूण होती. ती गोल नव्हती. आडवी, रुंद, माझ्या गुडघ्याच्या जरा वर.

संध्याकाळी बाळ आल्यावर मी विचारलं. सहज विचारलं, चहा ओतता ओतता. म्हणाला, "कपाट हलवताना कोपरे लागले असतील." मी बरं म्हटलं. पण सूनबाई, त्या पॅसेजमधून कपाट जातच नाही. मी स्वतः बघितलंय, तुमचं कपाट गॅलरीतून दोरानं चढवलं होतं. आणि कोपरा लागला तर खूण कोपऱ्याची पडते. आयुष्यभर कापडावरच्या खुणा बघत आले, कशानं काय उसवतं नि कशानं काय फाटतं एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी मूठ वळून त्या खुणांवर ठेवून बघितली. माझी लहान पडली. मग चहा पिताना कपाभोवती वळलेली बाळची बोटं बघत बसले. त्यानं विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, "नखं वाढलीत तुझी."

आता मी तुला विचारते. मला तुझा राग होता, तो लपवत नाही. नवऱ्याला न सांगता पोर उचलून जाणारी बाई कशी असते, हे मी माझ्या बहिणीला तोंड भरभरून सांगितलंय. पण त्या खुणा तुझ्या खांद्याच्या वर, कानाच्या उंचीला आहेत. त्यातली एक माझ्या नजरेसमोरून जात नाही. तू भिंतीला टेकून उभी असशील तर ती तुझ्या डोक्याच्या शेजारी येते, अगदी शेजारी.

आणि ती खालची कशाची आहे?

गेल्या दिवाळीच्या खरेदीला, म्हणजे मी मागच्या खेपेस आले होते तेव्हा, तू माझ्याकडून सगळ्या कुडत्यांच्या बाह्या लांब करून घेतल्या होत्यास. आताची फॅशन आहे म्हणालीस. मी कापड जोडून दिलं, जोड दिसू नये म्हणून वर लेस लावली. तू म्हणालीस, आई, तुमच्या हाताला तोड नाही. काल ते आठवलं आणि माझ्या हातातली ताटली निसटली.

उत्तर दिलंस तर घरच्या पत्त्यावर नको. कोपऱ्यावर कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान आहे, त्यांच्याशी माझी ओळख झालीय. पत्ता मागं लिहिलाय. नाही दिलंस तरी मी समजून घेईन.

सासू


६ मार्च

सूनबाई,

तुझं उत्तर मिळालं. दुकानात उभ्यानंच वाचलं. दुकानवाल्या बाईंनी मशीन थांबवून मला स्टूल दिलं, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज.

वरच्या खुणांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. लिहायची गरजही नाही. खालचीबद्दल एवढंच लिहिलंस, की ती खुर्चीची आहे, त्यानं खुर्ची लाथेनं भिंतीवर ढकलली. आणि पुढं, "छकुली खुर्चीत बसली होती."

मी ते वाक्य घेऊन घरी आले आणि भात लावला. भात लावताना मला त्याचं बाळपण आठवायला लागलं, कुठं काय चुकलं ते शोधत राहिले. त्याचे वडील आवाज चढवत नसत. दुकानातल्या पोरांनासुद्धा अरेतुरे करत नसत. मी चापट मारली असेल कधीतरी, कोण मारत नाही. हे कुठून आलं ते मला सापडत नाही, आणि सापडून तरी तुझ्या पोरीच्या पाठीचं काय होणार आहे?

त्याला विचारण्याइतकी हिंमत माझ्यात नाही. हे तुला कळायला हवं. मी याच घरात राहतेय. तो माझ्याशी अजून गोडच वागतो. काल माझ्या गुडघ्याला लावायला मलम घेऊन आला, स्वतः चोळून दिलं. तुलाही असंच व्हायचं का गं? म्हणजे मलमाचं?

आता भिंतीचं सांगते. बाळ कामासाठी बाहेरगावी गेला तो चौथ्या दर्जाचं पुन्हा पुन्हा बजावून गेला. "आई, तू लक्ष ठेव. पॅसेज आणि छकुलीची खोली, दोन्ही आरशासारखी पाहिजेत. त्या बाई घर बघायला येतील तेव्हा कुठं बोट ठेवायला जागा नको." बोर्डवाला सकाळी बादलीत पुट्टी कालवत बसला होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

मी म्हटलं, "हॉलला दिलात तो चौथा दर्जा राहू दे. इथं आणि पोरीच्या खोलीत दुसराच द्या. सांधे तेवढे करा. बाकी भिंतीला पुट्टी लावायची नाही."

तो म्हणाला, "मावशी, चेष्टा करता का? पॅसेजची खिडकी बघा कुठं आहे, भिंतीच्या टोकाला. सकाळचं ऊन भिंतीवरून घसरत येतं. अशा जागी दुसरा दर्जा म्हणजे टकलाला भांग पाडण्यातला प्रकार. त्या जुन्या गाठी सगळ्या उठून दिसतील. हे काम कुणी केलं म्हणून लोक विचारतील."

"माझं नाव सांगा."

"साहेबांनी चौथा सांगितलाय."

"साहेब म्हणाले, आई ठरवेल." हे खोटं होतं. पण माझ्या तोंडून खऱ्यासारखं निघालं.

त्यानं पटाशी बादलीच्या काठावर पुसली. मग म्हणाला, "तेवढेच खटकत असतील तर ते बोर्डच बदलून टाकतो. नवा बोर्ड म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"नको. आहे ती भिंत अशीच राहू दे."

पुट्टीची बादली त्यानं बाजूला सरकवली. बऱ्याच वेळानं, सांध्यावर टेप दाबता दाबता, माझ्याकडे न बघता विचारलं, "रंग कसला देऊ? मॅट की चकाकीवाला?"

मी विचारलं, "कशात जास्त दिसतं?"

"चकाकीत."

"मग चकाकी द्या."

"बरं," म्हणाला. त्या दिवशी त्यानं चहाही घेतला नाही.

रंग वाळलाय. समोरून बघितलं तर भिंत छान दिसते. बाळ परत आला तो दिवे लागल्यावर, वरच्या दिव्याच्या उजेडात त्यानं हात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "झकास." तो सकाळी उजाडायच्या आत कामाला निघतो. ऊन पॅसेजमध्ये आल्यावर भिंत कशी दिसते ते फक्त मलाच माहीत आहे.

कोर्टाच्या बाई सकाळीच येणार आहेत. पोरीला रंग कोणता आवडतो ते आता कळवू नकोस. आणि येऊही नकोस. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं ते विसर.

सासू


२ एप्रिल

सूनबाई,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, कागद धरायला दुसरा हात नाही. डावं मनगट मोडलंय. तिकडच्या भिंतीचं प्लास्टर राहिलं, माझं मात्र झालं. बहिणीला हा विनोद आवडला नाही. मी तिच्याकडे आले आहे, पत्ता मागं लिहिलाय.

कोर्टाच्या बाई आल्या त्या दिवशी आभाळ गच्च होतं. मी पहाटेपासून खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होते. उन्हाचा टिपूस नाही. बाळने रजा घेतली होती. इस्त्रीचा शर्ट, घरभर फुलं. बाई वयानं तुझ्याएवढ्याच असतील. थकलेल्या दिसत होत्या, रोज बहुतेक अशी दोन-तीन घरं होत असावीत. त्यांनी फ्रीज उघडून बघितला, औषधं कुठं ठेवता विचारलं, गॅलरीचा कठडा हलवून बघितला. छकुलीच्या खोलीत गेल्या, पलंगावर बसून बघितलं. त्या भिंतीला त्यांची पाठ होती. "रंग छान आहे," म्हणाल्या. "नवीनच दिलाय का?"

बाळ म्हणाला, "मुलीसाठी. ती येणार म्हणून."

पॅसेजमधून त्या दोनदा गेल्या आणि आल्या. भिंतीला कान असतात म्हणतात, पण तोंड नसतं. एवढा आटापिटा करून मी ती भिंत राखली होती, आणि ती मख्खासारखी उभी होती. बाईंनी चहा घेतला, कागदपत्रं पिशवीत घातली. दारात चपला घालायला वाकल्या. बाळ त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला निघाला.

मला वाटलं होतं, माझ्यावर बोलायची वेळ येणार नाही. भिंत दिसेल, त्या विचारतील, मग जे व्हायचं ते आपोआप होईल. मी बाजूला राहीन. आता कळतंय, मी तेच ठरवलं होतं. मुलाविरुद्ध बोलायचं ते भिंतीनं, आईनं नाही.

स्वयंपाकघराच्या खणातून टॉर्च काढला. आठवत नाही कसा. "बाई, जरा इकडे या," म्हटलं. पॅसेजमध्ये जाऊन टॉर्च भिंतीला चिकटवून धरला, बोर्डवाला धरायचा तसा. चकाकीच्या रंगावर एकेक गाठ लख्ख उठली.

बाईंनी एक चप्पल घातलेली, एक हातात, तशाच आल्या. बघत राहिल्या.

बाळ हसला. "आईचं काय आहे, तिचं आता वय झालंय. बोर्डवाल्यानं काम खराब केलं तेव्हापासून हिनं ध्यासच घेतलाय."

बाईंनी मला विचारलं, "आजी, हे काय आहे?"

मी म्हटलं, "ही त्याची मूठ आहे. ही, ही आणि ही. माझ्या सुनेच्या डोक्याशेजारी. आणि आत पोरीच्या खोलीत आहे ती खुर्चीची. पोर खुर्चीत बसली होती."

"तुम्ही बघितलंत?"

"नाही. मी इथं राहत नव्हते. पण हे कपाटाचे कोपरे नाहीत, एवढं मी शपथेवर सांगेन."

त्यांनी चप्पल खाली ठेवली आणि मोबाइलनं फोटो काढायला लागल्या. मी टॉर्च धरून होते. छकुलीच्या खोलीतही धरला. उजेड नीट पडावा म्हणून त्यांनी माझा दंड धरला. बाळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता. तो तसाच शांत उभा राहिला, हेच मला सहन होईना.

जाताना बाईंनी मला विचारलं, माझ्याबरोबर येता का. मी नाही म्हटलं. का म्हटलं? तुला ठाऊक असेल. मला वाटलं, तो माझा मुलगा आहे.

दार लागलं. बाळने चहाचे कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. हात पुसले. मग म्हणाला, "आई, तू माझी आई आहेस ना?"

मी हो म्हटलं.

"टॉर्च दे इकडे."

मी दिला नाही. त्या टॉर्चचं आता काही काम उरलं नव्हतं, देऊन टाकायला काय हरकत होती? पण बोटं सुटेचनात. त्यानं मनगट पिरगाळलं. आवाज दोघांनीही ऐकला.

मग तो एकदम घाबरला. लहान असताना काच फुटली की व्हायचा तसा चेहरा झाला. बर्फ आणला. रिक्षा आणली. दवाखान्यात माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधी मीच म्हटलं, "पडले."

सूनबाई, मला कुणी शिकवलं नव्हतं ते. आपोआप आलं. त्या क्षणी मला तू समजलीस. इतकी वर्षं तू फोनवर मला सांगायचीस, घसरले, दार लागलं, अंधारात दिसलं नाही. मी म्हणायचे, किती वेंधळी गं तू.

क्ष-किरणाच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत. तिथली नर्स माझा हात फळीवर सरळ करत म्हणाली, "आजी, पडल्यावर हाड असं मोडत नाही." तिच्याजवळ बोलले. तिनंच माझ्या बहिणीला फोन लावून दिला.

बाळच्या वकिलांनी कळवलंय म्हणे, की मला भ्रम होतो, डोक्याची तपासणी करा. करू देत. मी साक्षीला येणार आहे. ये म्हणून तुझ्या वकीलबाईंनी सांगावं लागणार नाही.

सासू


२१ मे

सूनबाई,

काल कोर्टात आपण एकमेकींशी बोललो नाही ते बरंच झालं. मला काय बोलावं सुचलं नसतं.

निकाल ऐकलास. छकुली तुझ्याकडे राहणार, बाळने भेटायचं ते कोर्टाच्या भेट-केंद्रात, त्यांच्या माणसांसमोर. तुझ्या वकीलबाई म्हणाल्या, यापेक्षा चांगलं होणं कठीण होतं. बहीण पेढे आणते म्हणाली, मी तिला गप्प केलं. कशाचे पेढे?

त्याच्या वकिलानं मला कसं सोललं ते तू पाहिलंस. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं, चष्म्याचा नंबर किती, आज वार कोणता. आणि मग ते भिंतीचे नवे फोटो. मी गेल्यावर बाळने दुसरा कारागीर बोलावून दोन्हीकडे चौथा दर्जा करून घेतला. काय सुरेख काम झालंय! वकील म्हणाला, "दाखवा, कुठं आहेत खुणा?" मी फोटो हातात घेऊन म्हटलं, "आता नाहीत. आता कितीही दिवे लावा, दिसायच्या नाहीत. म्हणून तर त्या बाईंना आधीच दाखवल्या." कुणीतरी मागं हसलं. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

बाहेर आल्यावर बाळ माझ्यासमोरून गेला. बघितलं नाही. त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. माझा हात पर्समधल्या सुईकडे गेला, अगदी पाकीट उघडेपर्यंत. तो जिना उतरून गेला. आता तो एकटाच त्या घरात राहील. काय जेवत असेल, हा विचार मला रोज येतो. हे मी तुला सांगू नये, पण माझ्याजवळ सांगायला दुसरं कोणी नाही. बहिणीला सांगितलं तर ती भांडते. मी जे केलं ते पुन्हा करीन. आणि तरी तो काय जेवत असेल हे मनातून जाणार नाही. दोन्ही खरं आहे. यावर तुझं उत्तर नको.

पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

तू वकीलबाईंशी बोलत होतीस तेव्हा छकुली बाकावर बसून बिस्किट खात होती. उंच झालीय. फ्रॉक कमरेत आखूड होतोय, शिवण उसवून दोन बोटं कापड सोडता येईल. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ओळखलंस का म्हटलं, तर मान हलवली. तुझा दात पडला का, तर तोंड उघडून दाखवला. मला इतका आनंद झाला. तिच्या कपाळावर केसांची बट आली होती, ती मागं सारायला मी हात उचलला. उजवा, चांगला हात.

ती मागं सरली नाही. रडली नाही. तुला हाक मारली नाही. तिनं डोळे मिटले आणि चावायची थांबली. तोंडात बिस्किटाचा घास तसाच, गाल फुगलेला, खांदे वर. आणि वाट बघत राहिली, जे व्हायचं ते होऊन जाण्याची.

मी हात मांडीवर ठेवला. दोन्ही हात तिला दिसतील असे ठेवले, एक प्लास्टरमधून सुटलेला, बारीक झालेला, आणि एक चांगला. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा उघडून बघितलं. मग दुसरा. मग घास गिळला.

तिला भेटायचा हक्क मी मागणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर तो फ्रॉक पोस्टानं पाठव, मी शिवण उसवून वाढवून देईन. तिला एवढं सांग, की आजी तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. आणि तिनं नको म्हटलं, तर आजी समोर नुसती बसून राहील.

छकुलीची आजी